दोघांचा पोकर, रेक शून्य: फुल टेबलवरून येणाऱ्यांसाठी

नऊ जणांच्या टेबलवर पोकर शिकलेला माणूस पहिल्यांदा एकट्या प्रतिस्पर्ध्यासमोर बसतो तेव्हा बहुधा गुपचूप हरतो. मोठा पॉट एकही गेलेला नसतो, ब्लफ करताना पकडला गेलेला नसतो, रडून सांगावं असं दुर्दैवही आडवं आलेलं नसतं. तरी तासा-दीड तासात निम्म्या चिप्स पलीकडे गेलेल्या असतात. माझं असंच झालं. रेक कापणाऱ्या टेबलांवर मी एकच धडा गिरवला होता: चांगले पत्ते येईपर्यंत थांब. तेच मी धाकट्या भावासमोर केलं आणि त्याने मला एकेक ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी सक्तीने भरायच्या चिप्स) करत कुरतडलं. मग कुणीतरी सल्ला दिला, "अगं, इथे रेक नाही, मोकळ्या हाताने खेळ." मी मोकळ्या हाताने खेळले आणि आधीपेक्षा लवकर रिकामी झाले.

दोन वेगळ्या गोष्टी मी एकच समजले होते. समोर एकच माणूस असणं हा एक बदल आणि रेक नसणं हा दुसरा. (रेक म्हणजे प्रत्येक पॉटमधून खेळ चालवणारा जो वाटा काढून घेतो तो, पत्त्यांच्या अड्ड्यावरची 'नाल' ती हीच.) दोन्ही बदल सांगतात एकच, जास्त पत्ते खेळा. पण पहिला जोरात ढकलतो, दुसरा नुसतं कोपर लावतो. कोणाचा जोर किती हे कळलं की बाकीचं बरंच सुटतं.

हा लेख नो-लिमिट टेक्सस होल्डेमबद्दल आहे. कोणता हात कोणाला मारतो आणि बेटिंगच्या चार फेऱ्या कशा होतात हे तुम्हाला माहीत आहे, असं धरून चालते.

बसण्याआधी जवळ काय हवं

- वेगवेगळ्या पाठीचे दोन कॅट. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार राहतो. दोघांच्या खेळात डाव इतके भरभर संपतात की एकाच कॅटवर निम्मा वेळ पिसण्यात जातो.
- प्रत्येकी किमान १०० बिग ब्लाइंड भरतील इतक्या चिप्स. स्मॉल ब्लाइंडच्या चिप्स भरपूर ठेवा, सुटे संपले की खेळ अडतो.
- बटन, म्हणजे वाटणारा कोण हे दाखवणारी खूण. कुठलंही झाकण चालेल, पण हवंच.
- वही-पेन. याचा उपयोग पुढे येईल.
- फोनवर किंवा संगणकावर एखादं मोफत इक्विटी कॅल्क्युलेटर (इक्विटी म्हणजे डाव शेवटच्या पानापर्यंत गेला तर पॉटमधला तुमचा सरासरी वाटा). खेळताना नाही, नंतर डाव तपासायला.

पैसे लावणार असाल तर तुमच्या ठिकाणचा कायदा आधी पाहा. रेक घेत नाही म्हणून खेळ आपोआप कायदेशीर ठरत नाही. मी आणि भाऊ नुसत्या चिप्सवर खेळतो आणि वहीत हिशेब ठेवतो. शिकायला तेवढं पुरतं.

१. नियम आधी बोलून घ्या

फी घेणारी जागा फीच्या बदल्यात एक गोष्ट देते: वाद झाला तर निकाल देणारा माणूस. दोघांच्या बिनरेकच्या खेळात तो नसतो. म्हणून सुरुवातीलाच ठरवा: ब्लाइंड किती, प्रत्येकी चिप्स किती, संपल्या तर पुन्हा किती घेता येतील, आणि खेळ कधी थांबणार. थांबायची वेळ डावांच्या संख्येत ठरवा आणि ती संख्या सम ठेवा, म्हणजे बटन दोघांकडे सारख्या वेळा येतं. "तू जिंकत होतास म्हणून उठलास" हे भांडण त्यामुळे जन्मालाच येत नाही.

तोंडाने बोललेलं बंधनकारक, हेही ठरवून टाका. "रेझ" म्हटलं की रेझ. आणि वाटणाऱ्याने पिसलेला कॅट समोरच्याने कापायचा, कितीही विश्वास असला तरी.

खेळ दुसऱ्या कुणी भरवलेला असेल तर 'रेक नाही' याचा अर्थ नीट विचारा. पॉटमधून काही कापत नाहीत पण दर तासाला बसण्याचे पैसे घेतात, अशीही पद्धत असते. तासाच्या फीमुळे एखाद्या डावातला निर्णय बदलत नाही, कारण ती फोल्ड केलं तरी द्यावीच लागते. पण शेवटच्या हिशेबात ती असतेच.

२. बटन, ब्लाइंड आणि आधी कोण बोलणार

यात नवखे हमखास गोंधळतात. दोघांच्या खेळात बटनवाला स्मॉल ब्लाइंड भरतो. फ्लॉपच्या आधी तोच पहिला बोलतो. फ्लॉप, टर्न आणि रिव्हरला मात्र बिग ब्लाइंडवाला आधी बोलतो आणि बटनवाला शेवटी. पहिलं पान बिग ब्लाइंडला, शेवटचं बटनला. प्रत्येक डावानंतर बटन सरकतं.

म्हणजे तुम्ही निम्मे डाव सगळ्यात चांगल्या जागेवरून खेळता आणि निम्मे सगळ्यात वाईट जागेवरून. मधली जागाच नाही. समोरच्याने काय केलं हे पाहून शेवटी बोलायला मिळणं किती मोलाचं आहे, याचं मोजमाप झालेलं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मायकल बोलिंग यांच्या गटाने दोघांचा लिमिट होल्डेम (बेटची रक्कम आधीच ठरलेली असते तो प्रकार) जवळजवळ पूर्ण सोडवला आणि २०१५ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांच्या 'सेफियस' या प्रोग्रॅमच्या हिशेबाने, दोघंही निर्दोष खेळले तर बटनवाला प्रत्येक डावामागे बिग ब्लाइंडच्या सुमारे ०.०८८ पट कमावतो. तेवढंच बिग ब्लाइंडवाला गमावतो.

हा आकडा लिमिट खेळाचा आहे, नो-लिमिटला जसाच्या तसा लावू नका. पण त्यातून जे कळतं ते इथेही लागू आहे: बिग ब्लाइंडमध्ये कितीही उत्तम खेळलात तरी सरासरीने थोडं जाणारच. तिथे जिंकायचा हट्ट धरायचा नसतो, कमी हरायचं असतं. जिंकायचं बटनवरून.

३. दोन बदल वेगवेगळे मोजा

आधी माणसांचा बदल. नऊ जणांच्या टेबलवर तुम्ही प्रत्येक डाव फोल्ड केलात तर नऊ डावांत दीड बिग ब्लाइंड जातो, म्हणजे १०० डावांत सुमारे १७. दोघांत तसंच केलंत तर एका डावात अर्धा, पुढच्यात एक, असं करत १०० डावांत ७५ बिग ब्लाइंड जातात. थांबण्याची किंमत चौपटीहून जास्त झाली. शिवाय थांबण्याचं कारणही उरलं नाही. आठ प्रतिस्पर्धी असतील तर त्यांतल्या किमान एकाकडे तयार जोडी असण्याची शक्यता साधारण ३८ टक्के असते. एकच असेल तर फक्त ५.९ टक्के. फुल टेबलवर ज्या भीतीने तुम्ही राणी-नऊ टाकत होता, ती भीती इथे जवळपास नाहीच.

आता रेकचा बदल. समजा रेक ५ टक्के आहे. समोरच्याने २.५ बिग ब्लाइंडपर्यंत रेझ केलं आणि तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये आहात. तुम्हाला आणखी १.५ घालायचे आहेत, पॉट होणार ५ चा. रेक नसेल तर कॉल परवडायला १.५ भागिले ५, म्हणजे ३० टक्के इक्विटी हवी. रेक असेल तर ५ मधले ४.७५ च हातात येतात, म्हणून ३१.६ टक्के हवी. फरक दीड टक्क्याचा. रिव्हरवर अर्ध्या पॉटचं बेट कॉल करायचं असेल तर रेकशिवाय २५ टक्के, रेकसह २६.३.

एकेका निर्णयात एवढाच फरक पडतो: एक-दोन टक्के. 'रेक नाही म्हणून काहीही कॉल करा' हा सल्ला कुठे फसतो ते इथे दिसतं. सीमेवरचे काही पत्ते आत येतात, कचरा कचराच राहतो.

पण निर्णयाचा प्रश्न वेगळा आणि खेळावं की नाही हा प्रश्न वेगळा. समजा १०० डावांपैकी ५० डाव फ्लॉपपर्यंत गेले आणि त्यांतला सरासरी पॉट ८ बिग ब्लाइंडचा होता. ४०० वर ५ टक्के म्हणजे २० बिग ब्लाइंड टेबलवरून उडाले, माणशी १०. हे किती मोठं आहे? २०२० च्या नोव्हेंबरपासून २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत डग पोल्क आणि डॅनियल नेग्रानू या दोन व्यावसायिक खेळाडूंमध्ये २००-४०० डॉलर ब्लाइंडवर २५,००० डावांचा गाजलेला सामना झाला. दोघांच्या खेळात मुरलेल्या पोल्कने तो सुमारे १२ लाख डॉलरनी जिंकला. हिशेब केलात तर १०० डावांमागे साधारण १२ बिग ब्लाइंड होतात. दोघांच्या खेळात हयात घालवलेल्या माणसाला मिळालेली आघाडी १२ ची, आणि आपल्या उदाहरणातली रेक माणशी १० ची! रेकच्या टेबलवर दोन सारख्या ताकदीचे खेळाडू बसले तर दोघंही हरतात. रेक नसलेल्या टेबलवर त्याची चूक पूर्ण तुमची कमाई आणि तुमची चूक पूर्ण त्याची, मध्ये कुणी गाळणी लावून बसलेलं नसतं.

म्हणून समोरचा तुमच्यापेक्षा किंचितच कच्चा असेल तरी बिनरेकचा खेळ खेळण्यासारखा असतो. आणि तो किंचित पक्का असेल तर तुम्हाला वाचवणारं काही नाही.

४. बटनवरून: जवळजवळ सगळं खेळा

दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात. १०० बिग ब्लाइंड चिप्स असताना बटनवरून त्यांतल्या ८० टक्क्यांच्या आसपास खेळायला हरकत नाही. टाकायचे ते वेगवेगळ्या रंगांचे, एकमेकांपासून लांबचे, लहान पत्ते: सत्ती-दुर्री, अठ्ठी-तिर्री, नव्वी-दुर्री, चौकी-दुर्री वगैरे. कुठलाही एक्का, कुठलाही राजा, जवळपास प्रत्येक राणी, एकाच रंगाची बहुतेक पानं आत.

नजर बसावी म्हणून काही आकडे. समोरच्याकडे कुठलेही दोन पत्ते आहेत असं धरून शेवटपर्यंत गेलं तर एक्क्यांची जोडी ८५ टक्के वेळा जिंकते. वेगळ्या रंगांचे एक्का-राजा ६५ टक्के. वेगळ्या रंगांची राणी-सत्ती ५२ टक्के, म्हणजे अगदी मधला हात. आणि ज्याची सगळे टिंगल करतात ती वेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री ३५ टक्के. दोघांच्या खेळात सगळ्यात वाईट हात तीही नाही, तिर्री-दुर्री आहे, ३२ टक्क्यांवर.

रेझ लहान ठेवा, २ ते २.५ बिग ब्लाइंड. कारण साधं आहे. स्मॉल ब्लाइंड म्हणून अर्धा बिग ब्लाइंड तुम्ही आधीच भरलेला आहे. २.५ पर्यंत रेझ म्हणजे आणखी २ घालून टेबलवरचे १.५ जिंकायचा प्रयत्न. समोरचा ५७ टक्क्यांहून जास्त वेळा फोल्ड करत असेल तर तुमच्या हातात काय आहे हे न बघता केलेला रेझही फायद्याचा. २ पर्यंतच्या रेझला हाच आकडा ५० टक्के, ३ पर्यंतच्या रेझला ६२.५. मोठा रेझ मोठा दिसतो, पण त्याला जास्त फोल्ड लागतात.

लिंप, म्हणजे नुसता अर्धा ब्लाइंड भरून पाहणं, फुल टेबलवर भित्रेपणाचं लक्षण मानतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. इथे नाही. अर्ध्या ब्लाइंडच्या बदल्यात दोनच्या पॉटमध्ये, तेही पोझिशन (शेवटी बोलायची जागा) घेऊन, उतरायला मिळतं. रेक असते तेव्हा अशा लहान पॉटांमधली कमाई तीच खाते. ती गेली की लिंपला जीव येतो. मात्र फक्त कमजोर पत्त्यांनीच लिंप करू नका. दोन बैठकींत समोरच्याला कळतं आणि तो प्रत्येक लिंपवर रेझ मारायला लागतो. मधूनच तगडे पत्तेही लिंप करा. नवीन असाल तर पहिला महिनाभर लिंप ठेवूच नका. रेझ किंवा फोल्ड, एवढंच.

५. बिग ब्लाइंडमध्ये: किती वाचवायचं

माझ्या चिप्स इथूनच गळत होत्या, दोन्ही वेळा. आधी फार फोल्ड करून, मग फार कॉल करून.

फार फोल्ड करण्याचं गणित वर आलंच. २.५ च्या रेझसमोर ५७ टक्क्यांहून जास्त फोल्ड केलंत तर समोरचा डोळे मिटून रेझ करेल. म्हणजे किमान ४३ टक्के पत्त्यांनी उभं राहायलाच हवं. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त, साधारण ६० टक्के किंवा थोडं वर, कारण तुम्ही कॉल केल्यावरही त्याचे पत्ते मरत नाहीत आणि पोझिशन त्याच्याकडेच असते. रेझ २ पर्यंतच असेल तर एक घालून चारच्या पॉटमध्ये जायचं आहे, २५ टक्के पुरतात. आणखी मोकळं व्हा. ३ पर्यंत असेल तर ३३ टक्के हवेत, आखडतं घ्या.

आता दुसरी चूक. मी कॅल्क्युलेटरवर पाहिलं, सत्ती-दुर्रीला ३५ टक्के आहेत आणि कॉलला ३० च लागतात. मग कॉल का नाही? दोन कारणं. ३५ हा आकडा कुठल्याही दोन पत्त्यांसमोरचा; रेझ करणाऱ्याने तळातले पत्ते आधीच टाकलेले असतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: ती ३५ टक्के शेवटच्या पानापर्यंत फुकट पोहोचल्यास मिळतात. पण तुम्ही आधी बोलणार, फ्लॉपला काही लागलं नाही की चेक करणार, तो बेट मारणार, तुम्ही टाकणार. कागदावरची इक्विटी हातात येतच नाही. एकाच रंगाच्या, लागोपाठच्या पत्त्यांना ती जास्त मिळते, कारण ते फ्लॉपवर ड्रॉ (एखाद्या पानाने पुरा होऊ शकणारा फ्लश किंवा स्ट्रेट) घेऊन उभे राहू शकतात. म्हणून एकाच रंगाची सहा-पाच कॉल करा, वेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री टाका. कॅल्क्युलेटर दोघींमध्ये दाखवतं त्यापेक्षा खरं अंतर बरंच मोठं आहे.

थ्री-बेट, म्हणजे रेझवर पुन्हा रेझ, इथे वारंवार हवा. २.५ च्या रेझसमोर ९ ते ११ बिग ब्लाइंडपर्यंत. मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी घेऊन तर कराच; शिवाय कॉल करायला किंचित कमी पडणारे पण एक्का किंवा राजा असलेले एकाच रंगाचे काही पत्तेही त्यात मिसळा. रेकच्या टेबलवरून आलेल्यांची एक सवय मात्र मोडावी लागते. बऱ्याच ठिकाणी फ्लॉप न पडता संपलेल्या पॉटवर रेक कापत नाहीत, म्हणून तिथे 'कॉल टाळा, थ्री-बेट करून तिथेच संपवा' हे शहाणपणाचं असतं. रेक नसली की तो फायदा उरत नाही. मधल्या दर्जाचे चांगले पत्ते, राजा-दस्सी, राणी-गुलाम, नुसते कॉल करून फ्लॉप पाहायला मोकळे होतात.

६. फ्लॉपनंतर: जोडीची किंमत नव्याने ठरवा

हातात जोडी नसेल तर फ्लॉपवर तुमच्या एखाद्या पत्त्याची जोडी लागण्याची शक्यता ३२.४ टक्के. समोरच्याचंही तसंच. दहातल्या चार-पाच वेळा दोघांनाही काहीच लागलेलं नसतं आणि पॉट कुणीतरी बोलून घेऊन जातं. म्हणून बटनवरून रेझ केला असेल तर फ्लॉपवर लहान बेट मारत राहा. पॉटच्या एक तृतीयांश बेटला फक्त २५ टक्के फोल्ड पुरतात. कोरड्या फ्लॉपवर, समजा राजा-सत्ती-दुर्री तीन रंगांत, हे जवळपास कुठल्याही पत्त्यांनी चालतं. नव्वी-अठ्ठी-सत्ती, दोन एकाच रंगाची, असा फ्लॉप असेल तर आवरा. तो बिग ब्लाइंडवाल्याच्या पत्त्यांना जास्त लागतो.

फुल टेबलवर मधली जोडी म्हणजे घाबरत चेक करायचा हात. इथे ती बऱ्यापैकी हात आहे आणि वरची जोडी बहुतेक वेळा तिन्ही फेऱ्यांत बेट मारण्याइतकी मोठी. नुसता एक्का-हायसुद्धा (जोडी नाही, एक्का तेवढा मोठा) लहान बेटसमोर लगेच टाकू नका. मला हे पटायला वेळ लागला. शेवटपर्यंत नेऊन एक्का-हायने पॉट जिंकला की आधी चोरी केल्यासारखं वाटायचं.

रिव्हरवर रेकचा आणखी एक बारीक परिणाम आहे. तुम्ही शेवटी बोलताय, हातात बरी जोडी आहे, बेट मारावं की चेक करून पत्ते उघडावेत? कॉल आल्यावर ५० टक्क्यांहून जास्त वेळा तुम्ही पुढे असाल तर बेट फायद्याचं. ५ टक्के रेक असती तर तुमच्या आणि त्याच्या, दोन्ही चिप्सवर कापलं गेलं असतं आणि तोच आकडा ५२.६ झाला असता. म्हणजे जी पातळ, जेमतेम फायद्याची बेटं रेकमुळे परवडत नव्हती ती आता परवडतात. अशा जागा प्रत्येक बैठकीत दोन-चार येतात आणि नवखे त्या सगळ्या चेक करून सोडतात.

ब्लफचं प्रमाण: रिव्हरवर पूर्ण पॉट बेट मारणार असाल तर दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ, अर्धा पॉट असेल तर तीनमागे एक. त्या प्रमाणात समोरच्याला कॉल आणि फोल्ड सारखंच पडतं. हे मोजत बसायचं नसतं, पण "मी इथे नेहमी खरंच बोलतो का?" एवढं अधूनमधून स्वतःला विचारायचं.

७. वही उघडा

नऊ जणांत एकाच माणसाबद्दल माहिती जमायला कित्येक बैठकी लागतात. इथे प्रत्येक डाव त्याच्याच विरुद्ध. सुरुवातीला तीनच गोष्टींच्या रेघा मारा:

- तुमच्या बटन-रेझवर तो किती वेळा फोल्ड करतो
- तुमच्या फ्लॉपवरच्या बेटला किती वेळा फोल्ड करतो
- रिव्हरवर त्याने मोठं बेट मारलं आणि पत्ते उघडले, तेव्हा काय निघालं

पहिल्या रकान्यात ५० पैकी ३२-३३ फोल्ड दिसले तर वरचा ५७ टक्क्यांचा आकडा आठवा आणि कचऱ्यानेही रेझ करायला लागा. तो फोल्डच करत नसेल तर उलट: तळातले पत्ते टाका आणि चांगल्या पत्त्यांनी रेझ थोडा वाढवा. तिसऱ्या रकान्यात कधीच ब्लफ निघत नसेल तर रिव्हरवरची तुमची मधली जोडी शांतपणे टाकून द्या, गणित काहीही म्हणो. पाच-सहा डावांवरून मात्र निष्कर्ष काढू नका.

आणि लक्षात असू द्या की तोही बघतोय. माझ्या भावाने वही ठेवली नव्हती, तरी मी प्रत्येक बटनवरून रेझ करायला लागल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी तो थ्री-बेट मारायला लागला. त्याने बदल केला की तुम्ही आधीच्या जागी परत या.

८. चिप्स १० ब्लाइंडवर आल्या तर

दोघांपैकी ज्याच्याकडे कमी, त्याच्याच चिप्स धरायच्या. जास्तीच्या चिप्स त्या डावात खेळतच नाहीत. त्या १० बिग ब्लाइंडच्या आसपास आल्या की बटनवरून दोनच पर्याय ठेवा: सगळं आत किंवा फोल्ड. समतोल गणित सांगतं की १० वर बटनवाल्याने साधारण ५८ टक्के पत्त्यांनी सगळं आत टाकावं आणि बिग ब्लाइंडने ३७ टक्क्यांच्या आसपास कॉल करावा. कुठलीही जोडी, कुठलाही एक्का दोन्हीकडून जातो. नवखे सगळं आत टाकताना कमी चुकतात, कॉल करायची वेळ आली की जास्त. ९ घालून २० चा पॉट मिळणार असतो, ४५ टक्के पुरतात. राजा-नव्वी घेऊन "एवढ्यासाठी कशाला" म्हणत फोल्ड करू नका.

९. हिशेब ठेवा, पण लवकर वाचू नका

दोघांच्या खेळात पॉट सतत लढवले जातात, त्यामुळे चढउतार फार मोठे असतात. १०० डावांमागचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती हलतो याचं माप) १०० बिग ब्लाइंड धरलं, आणि तो हात राखून धरलेला आकडा आहे, तरी १०,००० डावांनंतर तुमच्या सरासरीत १०० डावांमागे १० बिग ब्लाइंडची अनिश्चितता उरते. १०,००० डावांनंतर! म्हणजे तुम्ही ५ ने जिंकणारे खेळाडू असून ५ ने हरलेले दिसू शकता आणि उलटही. पाच संध्याकाळींच्या निकालावरून स्वतःबद्दल किंवा समोरच्याबद्दल काही ठरवणं म्हणजे छापा-काटा बघण्यासारखं आहे.

रेक नसल्याने एक सोय मात्र झाली आहे: वहीतली तुमची बेरीज आणि त्याची बेरीज शून्य व्हायलाच हवी. होत नसेल तर कुणीतरी चिप्स चुकीच्या मोजल्यात. प्रत्येक बैठकीच्या शेवटी हे दोघांनी मिळून तपासा, दुसऱ्या दिवशी नको.

निकालाऐवजी डाव तपासा. बैठकीनंतर तीन डाव लिहून काढा, ज्यांत निर्णय खरंच अडला होता: चिप्स किती होत्या, रेझ किती, फ्लॉप काय, तुम्ही काय केलंत. कॅल्क्युलेटरमध्ये समोरच्याला एकच हात देऊ नका. तो तिथे ज्या ज्या पत्त्यांनी असू शकेल ते सगळे घाला. मग लागणारी टक्केवारी आणि मिळणारी टक्केवारी शेजारी-शेजारी मांडा.

पहिल्या बैठकीला १०० डाव ठरवा, ५० बटन तुमचे आणि ५० त्याचे. बटनवरून २.५ चा रेझ किंवा फोल्ड, बाकी काही नाही. बिग ब्लाइंडमध्ये तुम्ही किती वेळा फोल्ड केलंत याच्या रेघा वहीत मारा. ५० पैकी २८ हून जास्त झाल्या, तर दुसऱ्या बैठकीत तेवढीच एक गोष्ट दुरुस्त करा.